मॉडेल रेल्वेवाल्यांनो, पुढची कुठली गाडी आणि कुठलं किट हवंय? इच्छायादी टाका

भोरघाट_बँकर
नमस्कार मंडळी. युरोप-अमेरिकेतले नवे कॅटलॉग आले की आपण सगळे ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघतो, स्विस डबे, जर्मन इंजिनं, ब्रिटिश टाकीवाली शंटर सगळं आवडतं, पण आपल्या रुळांवरचं त्यात काही नसतं. आपल्याकडे एचओमध्ये, म्हणजे १:८७ च्या मापात, काही लोक छोट्या प्रमाणावर चांगलं काम करतायत, त्यामुळे आता मागायला अर्थ आहे असं मला वाटतं. म्हणून हा धागा. कुठली गाडी हवी, कुठलं किट हवं, आणि का हवं तेही लिहा, नुसती नावं नकोत.

माझी सुरुवात. मला कर्जत-लोणावळा घाट करायचाय. १ इन ३७ चा चढ म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि मॉडेलवर एवढा चढ खरोखर देता येतो, ८ सेंटीमीटर वर चढायला तीन मीटर रूळ लागतो इतकंच. म्हणजे कुठलीही तडजोड न करता खरा घाट घरात बसतो! पुढे एक इंजिन आणि मागे बँकरची, म्हणजे घाटात मागून ढकलणाऱ्या इंजिनांची, जोडी. तर माझी पहिली मागणी खेकडा, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन. १९२८ च्या सुमाराला स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून आलेली, पुढे-मागे लांब नाक आणि मधे केबिन, त्याच घराण्यातलं स्विस क्रोकोडाइल जगातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीने काढलंय पण आपलं कोणी काढत नाही. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक उभं आहे, मापं घ्यायला दिल्लीच्या रेल्वे म्युझियमपर्यंत जायचीही गरज नाही.

कर्वेरोड_एचओ
बँकर दादा, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझी मागणी एकच, दख्खनची राणी. आणि एका काळातली नाही, तीन काळातली. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हाचा सात डब्यांचा रेक आणि पुढे डब्ल्यूसीपी-१ इंजिन, मग आपण सगळ्यांनी बघितलेला निळा-पांढरा आयसीएफ रेक (पेरांबूरच्या कारखान्याचे जुने डबे) आणि पुढे डब्ल्यूसीएएम-३ इंजिन, आणि २०२२ ला आलेला एलएचबीचा (जर्मन डिझाइनच्या डब्यांचा) नवा रेक. डायनिंग कार तिन्हीत पाहिजेच, ती नसेल तर मी घेणार नाही. देशात दुसऱ्या कुठल्या नेहमीच्या गाडीला डायनिंग कार नाही आणि नेमकी तीच मॉडेलमध्ये साध्या चेअर कारवर स्टिकर मारून मिळाली तर काय उपयोग. आतल्या टेबल-खुर्च्या दिसल्या पाहिजेत, दिवा लागला पाहिजे.

आर्यनची_आई
मी इथे नवीन आहे, चूक असेल तर सांभाळून घ्या. मुलगा आठ वर्षांचा, आम्ही सोलापूरचे, त्याला वंदे भारत हवी आहे, आमच्याकडून मुंबईला जाते तीच. बाजारात बॅटरीवर पळणारी खेळणी मिळतात पण त्याला पुण्याला कोथरूडमध्ये जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं होतं आणि तिथला तो शो बघितल्यापासून त्याला 'तसली' पाहिजे, सिग्नल पडला की थांबणारी. खरीखुरी मॉडेलवाली वंदे भारत मुलांना परवडेल अशी कोणी काढेल का?

कर्वेरोड_एचओ
आर्यनची आई, तुमचा मुलगा योग्य जागी जाऊन आलाय. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते म्युझियम १९९८ पासून लोकांना खुलं आहे आणि आम्हा पुण्यातल्या बऱ्याच जणांना तिथेच वेड लागलं.

रेझिन_आणि_पितळ
सगळ्यांच्या मागण्या वाचल्या. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि जरा लांब आहे, शेवटपर्यंत वाचा.

आपण पूर्ण गाड्या मागतोय. पूर्ण गाडी काढायची म्हणजे साचे, मोटर, गिअर, रंग, छपाई, पॅकिंग, आणि एवढं करून ती आपल्यातल्या मोजक्या लोकांना विकायची, म्हणून ती महाग होते, आणि महाग झाली की आणखी कमी विकली जाते. हे चक्र तुटणार नाही. पण बॉडी बनवणं आता आपल्या हातात आलंय, रेझिन प्रिंटर घरोघरी नसला तरी प्रत्येक शहरात कोणाकडे तरी आहे, लेझर कटिंगवाले तर गल्लीत आहेत. जे आपल्या हातात नाही ते म्हणजे खाली पळणारा भाग. बोगी (अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट), चाकं, मोटरची चेसिस, डबे जोडणारा कपलर. माझी मागणी म्हणून साधी आहे: आधी बोगी द्या. आयसीएफची बोगी आणि एलएचबीची फियाट बोगी, पुड्यात दोनाच्या जोड्या, कोणालाही घेता येतील अशा. डबा आम्ही बनवतो.

आता मापं बघा. आयसीएफ बोगीचा व्हीलबेस, म्हणजे दोन आक्सलमधलं अंतर, २८९६ मिमी, १:८७ ला ३३.३ मिमी. फियाट बोगीचा २५६०, म्हणजे २९.४. चाक ९१५ मिमीचं, म्हणजे साडेदहा मिमी. आणि अमेरिकन ३६ इंची चाक म्हणजे ९१४! एचओमध्ये ३६ इंची चाकांची पाकिटं कुठेही मिळतात, ती आपल्या डब्यांना जशीच्या तशी चालतात. एलएचबीची फियाट बोगी युरोपातल्या युरोफिमा डब्यांच्या बोगीच्याच घराण्यातली आहे, व्हीलबेस तोच, त्यामुळे त्या डब्यांचे सुटे भाग कुठे मिळाले तर अर्धं काम झालं. आयसीएफसाठी मात्र असं तयार काही सापडत नाही. त्या डब्याचं मूळ डिझाइन स्विस श्लीरेन कंपनीचं, १९५५ ला पेरांबूरला सुरू झालं, आणि पुढची साठएक वर्षं तेच बनत राहिलं. जगात एवढ्या संख्येने बनलेल्या डब्याची एक साधी प्लास्टिकची बोगी बाजारात सहज मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

भोरघाट_बँकर
रेझिन भाऊ, पटलं. पण इंजिनाचं काय? बोगीला मोटर नसते.

एडिसन_एनजे
मी न्यू जर्सीतून. इंजिनाचं मी सांगू शकतो. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं डिझेल इंजिन मुळात अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं डिझाइन, त्याच्या खालची तीन आक्सलची बोगी म्हणजे आल्कोची ट्रायमाउंट, ज्यात आक्सलमधलं अंतर सारखं नसतं. आणि इकडे आल्कोच्या आरएसडी मालिकेची एचओ मॉडेलं जुन्या बाजारात सतत येत असतात, अॅटलस कंपनीची तर बरीच. बोगीची बाजू ओळखीची दिसते, मोटर उत्तम, बॉडी उचलून बाजूला ठेवायची आणि चेसिसची लांबी जुळवून वर आपली डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी. खरं इंजिन बफरसकट १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल १९७ मिमी. पुणे शेडची, कल्याण शेडची, जंबो, जे रंगवाल ते. मी इकडून सुट्टीला येताना सामान आणतो, ज्यांना चेसिस हवी त्यांनी सांगा, पण वजनाची मर्यादा असते हे लक्षात ठेवा, आमच्या घरी परत जाताना भाजणी आणि गोडा मसाला पण भरायचा असतो.

आर्यनची_आई
मग बाहेरून थेट मागवलं तर काय होतं?

रेझिन_आणि_पितळ
ताई, ड्यूटी. खेळण्यांच्या कस्टम प्रकरणातच स्केल मॉडेलंही येतात. २०२० च्या बजेटमध्ये ती २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ ला ७० झाली. वर टॅक्स वेगळा. म्हणजे पूर्ण गाडी मागवणं हा मध्यमवर्गीय घरातला छंद राहिलाच नाही. म्हणून तर मी म्हणतोय इथे बोगी बनवा.

स्वाती_डोंबिवली
सगळे एचओ एचओ करताय, जागा कुठून आणायची? एलएचबीचा २४ डब्यांचा रेक एचओमध्ये साडेसहा मीटरच्या वर जातो. आमच्या हॉलची लांबी तेवढी नाही. मला एन गेज, म्हणजे १:१६० चं छोटं माप, हवंय आणि मला लोकल हवी आहे. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर धरली तर १:१६० ला दीड-पावणेदोन मीटरमध्ये अख्खी बसते, एकही डबा न कापता, आणि हेच तर मला पाहिजे, नाहीतर सगळीकडे चार डब्यांच्या लोकली करतात आणि तिला बारा डब्यांची म्हणा म्हणतात.

आणि कुठली लोकल तेही सांगते. पहिली मुंबईतली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, त्या निमित्ताने तरी कोणी डीसी विजेच्या काळातली जुनी लोकल काढायला हवी होती. २०१६ ला हार्बरवरचा शेवटचा डीसी भाग एसी विजेवर गेला. मी लहानपणापासून डीसीचा तो घुंघुं चढत जाणारा आवाज ऐकलाय, हल्लीच्या मुलांना तो माहीतच नाही. साऊंड डीकोडरमध्ये, म्हणजे मॉडेलमधून आवाज काढणाऱ्या चिपमध्ये, तो आवाज टाकून द्या, मी दुप्पट पैसे देईन. आणि किटमध्ये मला प्लॅटफॉर्म हवाय, दोन बाजूंना उतरता पत्रा, मधे खांब, इंडिकेटर, वडापावचा स्टॉल, रेल्वेचा पूल. परदेशातली स्टेशनं आणून त्यावर 'डोंबिवली' लिहिलं तरी ती तशीच परकी दिसतात.

कोकण_आरओआरओ
स्वातीताईंना अनुमोदन, किटकडे कोणी लक्षच देत नाही. गाडी एक वेळ तडजोडीची चालेल पण स्टेशन आपलं पाहिजे. मला कोकण रेल्वेचं लहान स्टेशन हवंय, पिवळा बोर्ड तीन भाषांत, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, शेजारी जांभा दगडाची कटिंग. जांभ्याचा रंग जमणं अवघड असतं, पावसाळ्यात गडद आणि उन्हाळ्यात नारिंगी, त्यामुळे रंगवलेला नको, कोरा द्या, आम्ही रंगवू.

आणि गाडी म्हणाल तर रोरो. कोलाडहून वेर्ण्याला ट्रक चढवून नेणारी गाडी १९९९ पासून चालू आहे. सपाट वाघिणी आणि त्यावर ट्रक, ड्रायव्हर लोक केबिनमध्येच. कुठल्याही लेआउटवर ही गाडी आली की बघणारा थांबणारच. सपाट वाघीण बनवणं सगळ्यात सोपं, पण १:८७ मध्ये आपले ट्रक पाहिजेत, टाटाचे, मागे रंगीत लिहिलेले. युरोपातले ट्रक ठेवले की सगळं बिघडतं. ट्रकचं किट कोणी काढलं तर ते रेल्वेवाल्यांशिवाय इतर मॉडेलवालेही घेतील, म्हणजे धंद्याच्या दृष्टीनेही बरं.

कर्वेरोड_एचओ
एक जुना विषय काढतो कारण तो काढल्याशिवाय यादी पुरी होत नाही. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ ला ते १९.३ मिमी व्हायला हवं आणि आपण सगळे १६.५ वर चालवतो, कारण तो रूळ जगभर मिळतो. वरचा डबा रुंद आणि खालचे रूळ अरुंद, समोरून फोटो काढला की लगेच दिसतं. स्पेनमध्येही हीच अडचण आहे, त्यांचं १६६८ मिमी आणि तरी त्यांच्या कंपन्या १६.५ वरच गाड्या काढतात, लोक आनंदाने घेतात. मी पण तेच म्हणतो, बाजूने बघा.

कुर्डुवाडी_जंक्शन
मी बराच वेळ वाचत होतो, आता कर्वेरोडवाल्यांनी विषय काढलाच आहे तर बोलतो. तुमचं ब्रॉडगेज रुळाला जुळत नाही, बरोबर. पण आमचं जुळतंय की ओ! बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमी. १:८७ ला ८.७६ मिमी. आणि एन गेजचा रूळ ९ मिमी. पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही. म्हणजे एचओई म्हणून युरोपात जे डोंगरी गाड्यांसाठी वापरतात ते आमच्या बार्शीला जवळजवळ तंतोतंत. एवढं सोपं असताना सगळे वंदे भारत मागतायत.

बार्शी लाइट म्हणजे कोपऱ्यातली एक बारकी गाडी असं समजू नका. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आमच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती सुरू केली, मग पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्याची कल्पना अशी की प्रत्येक आक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, इंजिन असो की वाघीण, मग हलके रूळ पुरतात. त्यासाठी इंजिन इंग्लंडच्या किट्सन कंपनीकडून करून घेतलं, आठ चाकं जोडलेली आणि मागे चार, ०-८-४ टाकीवालं. आणि वाघिणी सगळ्या २५ फुटी, दाबलेल्या पोलादाच्या चौकटीवर. २५ फूट म्हणजे मॉडेलला ८७-८८ मिमी. तळहातावर मावती! नऊ इंची वळणावर बिनधास्त फिरती. स्वातीताई, तुमच्या हॉलमध्ये अख्खं पंढरपूर बसेल बघा.

आषाढीला माणूस पंढरपूरला कसा जायचा हे आमच्या आज्जीनं सांगितलेलं, गाडीत जागा नाही, टपावर नाही, तरी गाडी निघायची आणि वाटेत लोक चालत चालत चढायचे. ती गाडी ब्रॉडगेज होताना आम्ही बघितली, सोय झाली हे खरंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिचं एक मॉडेल कुठंतरी पळायला पाहिजे.

एडिसन_एनजे
कुर्डुवाडीकर, कॅलथ्रॉपनेच नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन केली, १९०४ ते १९३४. तीसुद्धा अडीच फुटी, इंजिनंही किट्सनचीच, २-६-४, मोठी केबिन आणि मोठा हेडलाइट, बघितलं की वाटतं भारतात जायला निघालेलं इंजिन वाटेत थांबलंय. त्या लाइनची किट्स ब्रिटनमध्ये ००९ मध्ये, म्हणजे ९ मिमीच्या रुळावर चालणारी, निघालेली आहेत. स्केल १:७६ आहे, थोडं मोठं पडेल, पण नमुना म्हणून, चाकांची मांडणी कशी सोडवली ते बघायला, एक आणून उघडून बघता येईल.

नेरळवाला
मग माथेरानचंही ऐका. २ फुटी, ६१० मिमी, १९०७ ची, चढ १ इन २० पर्यंत. हे एचओमध्ये ७ मिमी होतं, त्याला रूळ नाही, झेड गेजचा ६.५ मिमीचा रूळ वापरता येतो पण ते फार नाजूक काम. मात्र १:१९ ला ६१० म्हणजे बरोब्बर ३२ मिमी, बागेत चालणाऱ्या गाड्यांचं १६ मिमी स्केल ते हेच. दार्जिलिंगचं बी क्लास इंजिन त्या मापात ब्रिटनच्या राउंडहाउस कंपनीने खऱ्या वाफेवर काढलंय. माथेरानचं ओरेनस्टाइन-कोपेल कंपनीचं वाफेचं इंजिन मात्र त्यांच्यासारखं कोणी काढावं ही माझी जन्माची इच्छा. त्याची पुढची-मागची आक्सल वळणावर आपोआप सरकतात, क्लीन-लिंडनर म्हणतात त्याला, ते मॉडेलमध्ये खरं करून दाखवलं तर काय मजा येईल. बाग नसली तरी गच्ची चालते. माकडांचा बंदोबस्त तेवढा करावा लागेल, आमच्याकडे ती रोज येतात.

वऱ्हाडी_शकुंतला
कोणीच नाव घेतलं नाही म्हणून मलेच लिहा लागते. आमची शकुंतला! मूर्तिजापूरहून इकडे यवतमाळ, तिकडे अचलपूर. तीबी ७६२ ची, म्हणजे बार्शीवाल्या दादाचा रूळ आमालेबी चालते. १९९४ पर्यंत वाफेवर होती, मंग डिझेल आलं. कापसासाठी टाकलेली लाइन, अन् मधल्या स्टेशनावर गार्डच तिकीट द्यायचा, गाडी थांबली की लोक निवांत उतरून चालले. मले वाफेचं इंजिन, दोन डबे अन् कापसाच्या गाठी भरलेली एक वाघीण हवी, बस. त्यापेक्षा जास्त मागत नाही.

रेझिन_आणि_पितळ
थांबा थांबा, इथे काहीतरी जमतंय असं दिसतंय. बार्शी आणि शकुंतला दोन्ही ७६२. दोन्हीला एन गेजचीच चाकं, एन गेजच्याच चेसिस. आणि एन गेजच्या चेसिस जपानी कंपन्यांच्या छोट्या, चांगल्या आणि एचओच्या मानाने स्वस्त मिळतात, लोक जगभर त्यावरच अशा नॅरोगेजच्या बॉड्या बसवतात. वाघीण ८८ मिमीची म्हणजे माझ्या छोट्या प्रिंटरमध्ये एका तुकड्यात उभी प्रिंट होते. एलएचबी डब्याला २७० मिमी लागतात, तो मला दोन तुकड्यांत कापून जोडावा लागतो आणि सांधा कितीही घासला तरी रंगाखाली दिसतो. म्हणजे मी जे बोगीचं रडगाणं गात होतो ते नॅरोगेजला लागूच नाही, खालचा भाग आधीच बाजारात आहे. ब्रॉडगेजच्या बोगीची मागणी मी सोडत नाहीये, ती हवीच. पण ती कोणी काढेपर्यंत आपण थांबून का राहायचं?

पहिली २५ फुटी उघडी वाघीण मी काढतो. मग बंद वाघीण, मग डबा. इंजिनाकडे सगळ्यात शेवटी, ०-८-४ ची चाकं हा वेगळा प्रश्न आहे, आधी एखादं चार आक्सलचं झेडडीएम, म्हणजे नॅरोगेजचं डिझेल इंजिन, जमवू.

आर्यनची_आई
ही छोटी वाघीण मुलाला स्वतः जोडता येईल का? वंदे भारत त्याला हवीच आहे पण वर आज्जीची गोष्ट वाचून दाखवली तेव्हापासून तो पंढरपूरच्या गाडीबद्दल विचारतोय. त्याचे पणजोबा पण त्या गाडीने गेलेले असणार.

रेझिन_आणि_पितळ
येईल ताई. रेझिन मी धुऊन, पक्कं करून पाठवतो, कच्चं रेझिन मुलाच्या हातात द्यायचं नाही. चाकं दाबून बसतील अशी ठेवतो, कपलरला एक स्क्रू. रंग ब्रशने, पाण्याचा. घासायची वेळ आली तर ते तुम्ही करा आणि मास्क लावा, भुकटी नाकात जाता कामा नये.

कर्वेरोड_एचओ
माझी राणी मागे पडली तरी चालेल, डेकलचं, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या अक्षरांचं, काम मी करतो. अक्षरांचे जुने फोटो कोणाकडे असतील तर पाठवा, बार्शी लाइटच्या काळातले आणि नंतर सेंट्रल रेल्वे झाल्यावरचे वेगळे ठेवा, १९५४ ला सरकारने लाइन घेतली त्यानंतर अक्षरं बदलली असणार.

वऱ्हाडी_शकुंतला
मी रविवारी मूर्तिजापूरले जातो, मास्तरले विचारून आत जाऊन पाहतो काय उभं हाय ते. फोटो कसे काढू ते सांगा, मोबाईलच हाय माझ्याजवळ.

रेझिन_आणि_पितळ
मोबाईल चालेल. एक लांब काठी घ्या, तिच्यावर दर फुटाला काळा-पांढरा रंग द्या, आणि ती वाघिणीला टेकवून उभी करा. फोटो समोरून काटकोनात, तिरका नको, आणि जेवढं लांब जाऊन झूम करता येईल तेवढं लांब जा म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. दोन्ही बाजू, दोन्ही टोकं. ब्रेकचा दांडा एकाच बाजूला असतो, ती बाजू चुकवू नका. बोगीचे फोटो वेगळे, चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावून. आणि खाली वाकून बफरची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजा, ती एक मिळाली की बाकी सगळं मी जुळवतो.